पुलापलीकडचे नाटक

काल्हेरपासून ठाण्याचे गडकरी रंगायतन काही फार लांब नाही. कशेळीचा पूल ओलांडला की बाळकुम, पुढे कापूरबावडी आणि मग मासुंदा तलाव. सारे दहा किलोमीटरच्या आतबाहेर. 1978 सालापासून हे नाट्यगृह तिथे उभे आहे. तरी खाडीच्या अलीकडे अशी कितीतरी मुले असतात, ज्यांनी रंगमंचाचा पडदा उघडताना कधी पाहिलेलाच नसतो.

दर वेळी तिकिटाचे पैसे आड येतात असे नव्हे. भिवंडीत यंत्रमागांची सुट्टी शुक्रवारची आणि बालनाट्याचे प्रयोग बहुधा रविवारचे. बाप घरी असतो तेव्हा नाटक नसते. नाटक असते तेव्हा बाप मागावर असतो.

मी चौथीत होते. वर्गातल्या दोघी चेटकिणीचे, गाण्यांचे नाटक पाहून आल्या आणि मधल्या सुट्टीत आठवडाभर तीच गाणी. ऐकून ऐकून मलाही ती पाठ झाली. बाबांनी तिकिटे आणली. नेमका त्या रविवारी बदली कामगार आला नाही आणि शेटने बाबांना सोडले नाही. आई घडीचे पातळ नेसून, गजरा माळून तयार बसली होती. तोवर तिने एकटीने पूल ओलांडलेला नव्हता. चार वाजून गेले तेव्हा तिने गजरा काढून ताटलीत ठेवला आणि चहाचे आधण चढवले. "पुढच्या रविवारी जाऊ हं," म्हणाली. पुढच्या रविवारी नाटक दुसऱ्या गावी गेले होते. मी रडले, हट्ट केला, जेवले नाही. तिचेही नाटक चुकले होते, हे मला ध्यानात आले ते मी आई झाल्यावर.

मोठ्यांना वाटते, आज चुकले तर उद्या पाहू. पण नाटक म्हणजे जिवंत माणसे. ती गाडीत सामान भरून पुढच्या गावी जातात. परत येईपर्यंत मूल वाढलेले असते. आणि चेटकिणीला मनापासून भिण्याचे वय असते ते किती वर्षांचे?

रत्नाकर मतकरींचे 'अलबत्या गलबत्या' घ्या. एके काळी त्यातली चेटकीण दिलीप प्रभावळकरांनी रंगवली. 2018 साली चिन्मय मांडलेकरांच्या दिग्दर्शनात ते नव्याने आले, तेव्हा वैभव मांगले चेटकीण झाले. त्या वर्षी 15 ऑगस्टला दादरच्या शिवाजी मंदिरात एकाच दिवसात पाच प्रयोग झाले. मुलांची भूक किती आहे ते यावरून कळावे. मग मार्च 2020 मध्ये नाट्यगृहे बंद झाली. मे महिन्यात मतकरी गेले. नोव्हेंबरमध्ये निम्म्या खुर्च्यांवर पडदा उघडला, एप्रिल 2021 मध्ये पुन्हा पडला, तो 22 ऑक्टोबरला वर गेला. तिकीट हातात असलेली सात वर्षांची मुलगी तोवर साडेआठ वर्षांची झाली!

भगिनींनो, असे नाटक चुकले तर मुलाच्या हातात खेळणे देऊन विषय मिटवू नका. का जाता आले नाही ते खरे सांगा. शेट, पाळी, बदली हे शब्द मुलांना कळतात. रडू द्या. पाठ झालेली गाणी घरात म्हणू द्या, ओढणीची चेटकीण करू द्या. आणि नसलेल्या पुढच्या रविवारचे वचन देऊ नका.

बापाच्या सुट्टीची वाटही पाहू नका. चाळीतल्या चार बायका मिळून पोरांना नेता येते. मेट्रो-5 च्या मार्गावर काल्हेरचे स्थानक आहे, पण ट्रक आणि कंटेनरच्या या रस्त्यावर आपले गणित आपणच करावे. प्रयोग चारचा असेल तर दोनच्या आत घर सोडावे, भाकरी-भाजी बांधून घ्यावी आणि तिकिटे एकीनेच, पदराच्या गाठीत, सांभाळावीत.