शेअर घ्यायचा की गिरणी टाकायची? कोंढ्यातल्या एका प्रश्नाचं उत्तर



मागच्या व्हिडिओत मी भंडारा जिल्ह्यातल्या कोंढ्याच्या प्रशिक्षणाचा उल्लेख केला होता. पवनी तालुक्यातलं हे गाव, सगळा धानाचा पट्टा. वर्गात किराणा दुकानवाले होते, शिवणकाम करणाऱ्या ताई होत्या, मोटर रिवाइंडिंग करणारे एक काका होते. विषय होता ‘खेळतं भांडवल’. वर्ग संपला, चहा झाला, मी बॅग उचलली, तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा जवळ आला आणि हळूच म्हणाला, "सर, एक विचारू का जी?"

त्याच्याकडे एक लाख चाळीस हजार रुपये होते. थोडे स्वतःचे, बाकीचे वडिलांनी धान विकून दिलेले. ठरलं होतं पीठगिरणी आणि मिरची कांडप टाकायचं. आमच्या या भागाला भिवापूरची मिरची जवळ, लग्नसराईत कांडपावर रांग लागते, हे त्याला पक्कं माहीत होतं. पण महिनाभरापूर्वी त्याला कुणीतरी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर घेतलं होतं. तिथे रोज एकच गजर: "चार रुपयांचा शेअर, सहा महिन्यांत चाळीस." त्याने मला विचारलं, "गिरणी पुढच्या वर्षी टाकली तर? आधी पैसे दहापट करून घेऊ का?"

मी त्याला लगेच ‘नको’ म्हटलं नाही. कारण ‘नको’ म्हटलं की माणूस गुपचूप करतो. मी म्हटलं, "बस. आपण तो शेअर तोलून पाहू. तू गिरणीचं मशीन जसं तोललंस, तसंच."

पुढचा दीड तास जे बोललो, तेच आज लिहितोय.

शेअर म्हणजे दुकानातली भागीदारी

समजा तुमच्या गावातलं चालू किराणा दुकान कुणी विकायला काढलं. तुम्ही काय विचाराल? रोजचा गल्ला किती, सुटतात किती, उधारी किती थकली आहे, दुकानावर कर्ज आहे का आणि शेवटी, मागतोय किती. बरोबर? कंपनीचा शेअर घेताना हेच पाच प्रश्न विचारायचे. शेअर म्हणजे लॉटरीचं तिकीट नाही, त्या कंपनीतला छोटा हिस्सा आहे. गंमत अशी की दहा हजारांचा फ्रिज घेताना आपण चार दुकानं फिरतो आणि पन्नास हजारांचा शेअर मात्र एका मेसेजवर घेतो.

मी त्याला त्याच्या ग्रुपवरच्या कंपनीबद्दल विचारलं, "ही कंपनी विकते काय?" त्याला सांगता आलं नाही. मोबाइलवर शोधायला गेला तर नावावरूनही कळेना.

मग मी म्हटलं, आपल्याच जिल्ह्यातली कंपनी घेऊ.

तुमसरची खाण आणि दलाल स्ट्रीट

तुमसर तालुक्यातल्या चिखला आणि डोंगरी बुजुर्ग इथल्या मँगनीजच्या खाणी जिल्ह्यात सगळ्यांना माहीत आहेत. त्या मॉइल या सरकारी कंपनीच्या. मुख्यालय नागपूरला, खाणी नागपूर, भंडारा आणि बालाघाट जिल्ह्यांत. तिची मुळं १८९६ च्या ब्रिटिश कंपनीत आहेत, आणि १९६२ मध्ये सरकारचा हिस्सा घेऊन आजची कंपनी उभी राहिली. २०१० च्या शेवटी तिचा आयपीओ आला आणि डिसेंबरमध्ये ती शेअर बाजारात गेली. किंमत होती ३७५ रुपये, छोट्या गुंतवणूकदाराला ५ टक्के सूट, म्हणजे ३५६ रुपये २५ पैसे. मागणी उपलब्ध शेअरच्या पन्नास पटीहून जास्त आली.

आता ही कंपनी आपण आपल्या पाच प्रश्नांनी तोलू.

पहिला: विकते काय आणि गिऱ्हाईक कोण? मँगनीजचं खनिज. त्याचं मोठं गिऱ्हाईक म्हणजे पोलाद उद्योग, कारण पोलाद बनवायला मँगनीज लागतंच. डोंगरी बुजुर्गचं डायऑक्साइड खनिज बॅटरीच्या सेललाही जातं. म्हणजे पोलादाला मंदी आली की मॉइललाही ताप येणार, हे आधीच समजतं.

दुसरा: सुटतात किती? २००९-१० चा नफा साधारण ४६६ कोटी रुपये.

तिसरा: पैसा गल्ल्यात येतो का? नफा वहीत दिसतो, पण उधारीत अडकला असेल तर दुकान आतून पोकळ. तुम्हाला हे मी सांगायला नको. कंपनीच्या अहवालात ‘कॅश फ्लो’ नावाचं पान असतं. नफा दरवर्षी वाढतोय आणि धंद्यातून रोकड मात्र येत नाही, असं दोन-तीन वर्षं दिसलं तर थांबायचं. मॉइलकडे तेव्हा रोख शिल्लक भरपूर होती.

चौथा: कर्ज किती? मॉइल कर्जमुक्त होती. खासगी कंपनी असेल तर आणखी एक बघायचं: मालकाने स्वतःचे शेअर गहाण ठेवलेत का? दुकानदारानेच गल्ला गहाण टाकला असेल तर त्या दुकानात भागी कशाला घ्यायची?

पाचवा: मागतायत किती? एकूण शेअर १६ कोटी ८० लाख. ३७५ ने गुणा. पूर्ण कंपनीची किंमत झाली ६,३०० कोटी. तिला ४६६ ने भागा. साडेतेरा. म्हणजे साडेतेरा वर्षांचा नफा आज एकदम मोजून तुम्ही हे दुकान घेताय. यालाच टीव्हीवरचे लोक ‘पीई’ म्हणतात. एवढंच ते.

मुलाच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा हसू आलं. "हे तर आमचं दुकानाचंच गणित झालं जी!"

पैसा गेला कुणाच्या खिशात?

आयपीओ आला की पेपरात ‘कंपनी विस्तार करणार’ असा सूर असतो. पण फॉर्म नीट वाचा. मॉइलच्या त्या विक्रीत एकही नवा शेअर निघाला नव्हता. केंद्र सरकारने १० टक्के आणि महाराष्ट्र व मध्य प्रदेश सरकारांनी ५-५ टक्के आपला हिस्सा विकला. त्यामुळे पैसा कंपनीत न जाता सरकारांच्या तिजोरीत गेला. त्यात चुकीचं काही नाही. पण जुना मालक हिस्सा विकून बाहेर पडतोय की कंपनी नव्या मशीनसाठी पैसा उभा करतेय, हा फरक तुम्हाला कळला पाहिजे.

चांगली कंपनी होती, मग लोक का रडले?

पहिल्याच दिवशी भाव वर उघडला. ज्यांना आयपीओत मिळाला नाही त्यांनी बाजारातून चढ्या भावाने घेतला. पुढे मँगनीजचे जागतिक भाव पडले, नफा घटला आणि २०१६ च्या सुरुवातीला शेअर ३७५ च्या बराच खाली होता. खाणी त्याच, कामगार तेच, कर्ज नाही. तरीही पाच वर्षं थांबलेला माणूस तोट्यात! कारण जमिनीतून निघणाऱ्या मालाचा भाव कंपनी ठरवत नाही, जगाचा बाजार ठरवतो. धानाचं तरी वेगळं काय आहे? पीक उत्तम आलं म्हणून भाव उत्तम मिळतो असं नाही, हे आपल्या शेतकऱ्याइतकं कुणाला ठाऊक!

२०१७ मध्ये मॉइलने एकास एक बोनस दिला. "म्हणजे पैसे दुप्पट?" मुलाने विचारलं. नाही. एका भाकरीचे दोन तुकडे केले तर भाकरी वाढत नाही. शेअर दोन झाले, पण प्रत्येकाचा भाव जवळपास निम्मा झाला. आयपीओत ३५६.२५ ला घेतलेल्याची किंमत आता एका शेअरमागे साधारण १७८ पडली. भाव ‘पडला’ म्हणून घाबरणारे आणि शेअर ‘दुप्पट’ झाले म्हणून पेढे वाटणारे, दोघांनीही गणित केलेलं नसतं.

हे फक्त आपल्याकडेच होतं का?

नाही. तुम्हाला लांबच्या देशातलं उदाहरण सांगतो. भंडाऱ्याजवळच्या वरठीला सनफ्लॅगचा पोलाद कारखाना आहे. हेच नाव केनिया, टांझानिया आणि नायजेरियातल्या कापड धंद्याशीही जोडलेलं आहे. त्या नायजेरियात, लागोसच्या शेअर बाजारात २००७-०८ मध्ये अशीच लाट आली होती. शिक्षक, कारकून, दुकानदार, सगळे शेअर घेत होते. बँका शेअर घ्यायला कर्ज देत होत्या आणि लोक त्या कर्जातून बँकांचेच शेअर घेत होते! मार्च २००८ मध्ये तिथला निर्देशांक ६६ हजारांच्या आसपास पोहोचला. वर्षभरात तो २० हजारांच्या घरात आला. शेअर गेले, कर्ज मात्र राहिलं. पुढच्या वर्षी तिथल्या मध्यवर्ती बँकेने अडचणीतल्या बँकांच्या प्रमुखांना घरी पाठवलं. पण छोट्या माणसाचे पैसे काही परत आले नाहीत.

त्याच बाजारातला दुसरा धडा २०२३ चा. त्या वर्षी निर्देशांक सुमारे ४६ टक्के वाढला. वा! पण महागाई वर्षअखेर २९ टक्क्यांच्या जवळ होती आणि त्यांचं चलन नायरा डॉलरपुढे निम्म्यावर आलं होतं. म्हणून ‘किती टक्के वाढलं’ याच्या पुढचा प्रश्न विचारायचा: महागाई वजा करून हातात काय उरलं?

माझी स्वतःची चूक

आता म्हणाल, सर फार शहाणे. नाही हो. २००८ च्या जानेवारीत मीही तेच केलं होतं. दिवाळीचा माल भरायला ठेवलेले पैसे मी एका कंपनीच्या शेअरमध्ये टाकले. नाव सांगण्यात अर्थ नाही, दोष माझा होता. बाजार कोसळला. ऑक्टोबरमध्ये मला माल भरायचा होता आणि शेअर होता एक तृतीयांशावर. मी तोट्यात विकला, अर्धाच माल भरला आणि त्या दिवाळीला गिऱ्हाईक समोरच्या दुकानात जाताना बघत बसलो. शेअर कदाचित पुढे सावरला असता. पण ज्या पैशाला तारीख आहे, तो पैसा शेअरमध्ये थांबू शकत नाही. बियाण्याचा पैसा, मालाचा पैसा, फीचा पैसा, या सगळ्याला तारीख असते.

आधी कुठे लावायचे?

साधा हिशोब बघा. किराण्यात लावलेले दहा हजार महिन्यातून एकदा फिरले आणि ५ टक्के सुटले, तर महिन्याला ५००, वर्षाला ६,०००. यात तुमची मेहनत धरलेली आहे, हे विसरू नका. तरीही कुठला शेअर दरवर्षी एवढं देण्याची हमी देतो?

पण याला मर्यादा आहे. कोंढ्यातलं दुकान पाच लाखांचा माल पचवू शकत नाही, रॅकवर पडून राहील. जेव्हा धंदा आणखी पैसा पचवत नाही, कर्ज फिटलेलं आहे आणि सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला आहे, तेव्हा शेअर किंवा म्युच्युअल फंडाचा विचार सुरू होतो. क्रम लक्षात ठेवा:

१. महागडं कर्ज फेडा.
२. घरखर्चाची आणि आजारपणाची सोय करा, विमा घ्या.
३. धंद्याला लागणारं भांडवल पूर्ण करा.
४. जो पैसा पाच वर्षं लागणार नाही, तोच बाजारात, आणि तोही थोडा थोडा.

आणि एफ अँड ओ? त्याच्या वाटेला जाऊच नका. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत तिथे सौदे करणाऱ्या वैयक्तिक लोकांपैकी ९३ टक्के तोट्यात होते. शंभरातले त्र्याण्णव! एकूण तोटा १.८ लाख कोटींच्या वर.

मग त्या मुलाचं काय झालं?

त्याने वहीत स्वतःच हिशोब मांडला. गिरणी, कांडप, मोटर आणि वायरिंग मिळून ९५ हजार. तीन महिन्यांचं वीजबिल आणि दुरुस्तीसाठी २५ हजार. उरले २० हजार, ते बँकेत, हात लावायचा नाही. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप त्याने माझ्यासमोर सोडला. मी सांगितलं नव्हतं.

जाताना म्हणाला, "मग शेअर कधीच नाही का जी?"

मी म्हटलं, "गिरणी सुरू झाली, पहिल्या कमाईतून घरात काही दिलंस, की एखाद्या कंपनीचा एकच शेअर घे. फक्त एक. मग वर्षभर तिचे निकाल वाच, वार्षिक अहवाल वाच. सगळं बीएसई आणि एनएसईच्या वेबसाइटवर फुकट मिळतं. एका शेअरची फी समजून घे त्याला. शिकल्यावर दुसरा."

गेल्या आठवड्यात त्याचा फोटो आला. लाल तिखटाने माखलेला हात आणि मागे पोत्यांची रांग. खाली लिहिलं होतं: "सर, सध्या वेळ नाही शेअर बघायला."

आजचा गृहपाठ: तुमच्या नजरेत असलेली एक कंपनी घ्या आणि वरचे पाच प्रश्न वहीत लिहून उत्तरं शोधा. पहिल्याच प्रश्नाला अडलात, तर तो शेअर तुमच्यासाठी नाही. उत्तरं कमेंटमध्ये टाका, पुढच्या व्हिडिओत त्यातली दोन-तीन आपण एकत्र तोलू.

*सूचना: मी सेबीचा नोंदणीकृत सल्लागार नाही. इथली कंपन्यांची नावं फक्त शिकण्यासाठी आहेत, घ्या किंवा विका असं सांगण्यासाठी नाहीत.*