ओकानागनचा धडा

परमुलखाची माती ओळखायची, तर तेथील माणसे पानात काय वाढतात आणि पेल्यात काय ओततात हेही पाहावे लागते. कॅनडाच्या पश्चिमेस ब्रिटिश कोलंबिया प्रांतात सुमारे १३५ किलोमीटर लांबीचे ओकानागन सरोवर आहे. त्याच्या काठच्या उतरणींवर द्राक्षमळे असून मळ्यातच वाईन करणारे लहानमोठे कारखाने प्रवाशांना खुले असतात. वेलीवरच उणे ८ अंशांखाली गोठलेल्या द्राक्षांची गोड 'हिमवाईन' ही तेथील खासियत. शेजारच्या आल्बर्टा प्रांतात, कॅलगरी येथे १९६९ साली जन्मलेल्या 'सीझर' पेयात तर व्होडका व टोमॅटोच्या रसाबरोबर तिसऱ्यांच्या जातीच्या शिंपल्यांचा रस असतो, हे ऐकून आमच्या किनाऱ्यावरील वाचकांना मौज वाटेल.

तथापि या खोऱ्याची खरी कथा चवीची नसून निर्धाराची आहे. १८५९ साली फादर पांदोझी या फ्रेंच धर्मोपदेशकाने येथे मिशन स्थापले, तेव्हापासून द्राक्षांचा इतिहास सांगितला जातो. पुढे सरकारी संरक्षणाच्या छायेत हलक्या प्रतीच्या संकरित वेलींचे मळे वाढले. १ जानेवारी १९८९ रोजी अमेरिकेशी खुल्या व्यापाराचा करार अमलात आला आणि ती छाया सरली. रडत न बसता, सरकारी भरपाई घेऊन शेतकऱ्यांनी सुमारे दोन-तृतीयांश वेली उपटल्या व उत्तम जातींची लागवड केली. १९९० मध्ये 'व्हीक्यूए' ही दर्जाची मोहोर आली. तिची एक अट कठोर, द्राक्षे शंभर टक्के प्रांतातलीच हवीत. १९९४ मध्ये मिशन हिल कारखान्याच्या शार्दोने वाईनने लंडनच्या स्पर्धेत चषक जिंकला. २००२ मध्ये ओसोयूसच्या मूळनिवासी जमातीने 'इंकामीप' हा स्वतःच्या मालकीचा कारखाना उघडला.

जानेवारी २०२४ च्या कडाक्याच्या थंडीने जवळजवळ सारे पीक गेले. सरकारने बाहेरची द्राक्षे आणण्याची तात्पुरती मुभा दिली. पण अशा बाटलीवर ती मोहोर चढू शकत नाही. संकटातही नियम वाकला नाही, याचे मोल आम्हांस अधिक वाटते.

मद्यपानाचा पुरस्कार करण्याचा आमचा हेतू नाही. व्यसनाने उद्ध्वस्त झालेली घरे आम्हीही पाहतो. परंतु काजूची बोंडे वेचणाऱ्या आणि भाटी लावणाऱ्या गोमंतकीयाच्या पोटाचा प्रश्न यात आहे. काजू फेणीला २००९ साली भौगोलिक निर्देशांक लाभला, २०१६ साली वारसा पेयाचा मानही मिळाला. मान मिळाला, पण त्याची राखण कोण करणार? बाटलीतील फेणी कोणत्या डोंगरावरच्या बोंडांची, कोणत्या भाटीची, हे गिऱ्हाइकाला लेबलावर वाचता आले पाहिजे. पाहुण्याला रंगीत बाटली विकण्याआधी त्याला हंगामात भाटीवर नेऊन उर्राक व फेणी यांतील भेद दाखवता आला पाहिजे. आणि भेसळ करणाऱ्याच्या हातून ते नाव काढून घेण्याची धमक सरकारात व उत्पादकांत हवी. ओकानागनच्या शेतकऱ्यांनी नावासाठी उभे मळे उपटले. आमच्या लोकांना काही उपटायचे नाही. आहे ते प्रामाणिकपणे राखायचे आहे. तेवढे तरी आम्ही करावे.