जनधनची पासबुकं रिकामीच?

जनधन खाती म्हणजे आकडे फुगवायला उघडलेली रिकामी पासबुकं, हा समज इतक्या वर्षांनीही जात नाही. 2014 साली योजना सुरू झाली तेव्हा तो खोटा नव्हता. पहिल्या काही महिन्यांत निम्म्याहून अधिक खात्यांत छदामही नव्हता. पण ऑगस्ट 2023 मध्ये खाती 50 कोटींवर गेली आणि ठेवी दोन लाख कोटी रुपयांवर, म्हणजे खात्यामागे चार हजार. सरासरी फसवी असते, हे मान्य. साधारण पाचातलं एक खातं निष्क्रिय होतं, हेही खरं. ‘अनुदान जमा झालं की दुसऱ्याच दिवशी काढून घेतात’ हा आक्षेप मात्र पटत नाही. पेरणी तोंडावर आलेली असताना शिल्लक दाखवायची कुणाला?

दुसरा समज जास्त पक्का: गरिबांपर्यंत बँक नेण्याचं काम मोबाइलने आणि खासगी बँकांनी केलं, सरकारी बँका म्हणजे नुसता तोटा. प्रत्यक्षात तीन चतुर्थांशाहून अधिक जनधन खाती सरकारी बँकांत आहेत. खासगी बँकांचा वाटा शंभरात तीनच्या आसपास. त्याची मुळं जुनी आहेत. 1951-52 च्या ग्रामीण पतपाहणीत शेतकऱ्याच्या कर्जात व्यापारी बँकांचा वाटा जेमतेम एक टक्का निघाला होता. बहुतेक कर्ज सावकाराचं. 1969 मध्ये 14 बँकांचं राष्ट्रीयीकरण झालं, आणि त्याच वर्षी धनंजयराव गाडगीळ यांच्या अभ्यासगटाच्या शिफारशीतून एकेक जिल्हा एकेका बँकेकडे सोपवणारी अग्रणी बँक योजना आली. 1977 पासून नियम असा, की बँक असलेल्या गावात एक शाखा हवी तर बँक नसलेल्या चार गावांत उघडा. 1990 मध्ये तो गुंडाळला. त्या काळातल्या शाखाविस्ताराने ग्रामीण गरिबी घटली, असं अर्थतज्ज्ञ बर्जेस आणि पांडे यांच्या 2005 च्या अभ्यासात दिसलं. कर्जं थकलीही, नाही कशाला म्हणा. पण गेल्या दशकातला बुडीत कर्जांचा डोंगर गरिबांनी उभा केला नाही. मार्च 2018 मध्ये देशातल्या बँकांच्या थकीत कर्जांपैकी सुमारे 85 टक्के पाच कोटींवरच्या कर्जदारांची होती.

सरकारी बँकांना बोल लावायचाच तर कर्जाबद्दल लावावा. जनधन खात्यावर दहा हजारांपर्यंत ओव्हरड्राफ्ट कागदावर आहे, पण मिळतो थोड्यांनाच. बाकीच्या बाया चढ्या व्याजाच्या बचत गटवाल्या फायनान्सकडे जातात. आणि गावात बँकेच्या वतीने व्यवहार करणाऱ्या बँक मित्राच्या यंत्रावर, कष्टाने झिजलेला अंगठा उमटला नाही, की स्वतःचेच पैसे काढायला तालुक्याची शाखा गाठावी लागते, एक दिवसाची मजुरी बुडवून.