कपाटातल्या कॅसेटी आणि भिंतीवरचा नवा टीव्ही

ठाणे, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यात ज्यांची लग्नं तीस-पस्तीस वर्षांपूर्वी झाली, त्यांच्या घरी एक वस्तू अजून हटकून सापडते. पैठणीच्या घडीखाली किंवा लग्नाच्या अल्बमशेजारी, प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून ठेवलेली काळी व्हिडिओ कॅसेट! कुणाकडे लग्नाची, कुणाकडे मुलाच्या मुंजीची, कुणाकडे शाळेच्या स्नेहसंमेलनातल्या लेकीच्या नाचाची. आवराआवर करताना ती हाती येते, आपण तिच्यावरची धूळ पुसतो आणि पुन्हा जागच्या जागी ठेवून देतो. कारण ती लावायची कशावर?

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ रोजी. १९८२ साली दिल्लीच्या एशियाडच्या निमित्तानं रंगीत टीव्ही आला आणि त्याच्या मागोमाग व्हीसीआर. लग्नाच्या हॉलमध्ये भगभगीत दिवा घेऊन फिरणारा व्हिडिओवाला भटजींइतकाच महत्त्वाचा झाला तो तेव्हापासून. पुढे सीडी आली, डीव्हीडी आली, भिंतीवर पातळ टीव्ही आले. जपानची फुनाई ही व्हीसीआर बनवणारी शेवटची मोठी कंपनी; तिनंही जुलै २०१६ मध्ये ते बनवणं थांबवलं. म्हणजे घरात किंवा नात्यात चालू व्हीसीआर असेल, तर तो आता जपूनच वापरायला हवा.

पण भगिनींनो, जुना व्हीसीआर, डीव्हीडी प्लेअर किंवा हातातला कॅमेरा नव्या टीव्हीला जोडणं काही फार अवघड नाही. मिक्सरचं भांडं बसवता येतं, तिला हेही येईल. मात्र काय कशाला जोडायचं, ते आधी समजून घ्यायला हवं.

दोघांची भाषा वेगळी

जुनं यंत्र चित्र पाठवतं ते विजेच्या कमी-जास्त होणाऱ्या लाटेच्या रूपात, एकेक रेघ करून. आपल्याकडच्या पाल पद्धतीत अशा ६२५ रेघा आणि सेकंदाला २५ चित्रं असतात. नव्या टीव्हीचा पडदा म्हणजे रांगोळीच्या ठिपक्यांचा कागद! त्याला प्रत्येक ठिपक्याचा रंग आकड्यांत लागतो. हे आकडे ज्या चपट्या वायरीतून जातात, ती एचडीएमआय. मधला कन्व्हर्टर म्हणजे दुभाषा. तो लाटेचे आकडे करतो, रेघा जुळवतो आणि चित्र पडद्याच्या मापाचं करून पुढे देतो.

आधी टीव्हीची पाठ बघा

दुकान गाठण्याआधी टीव्हीच्या मागे नीट बघून घ्या. पिवळं, पांढरं आणि लाल अशी तीन भोकं असतील, तर कन्व्हर्टर लागतच नाही. पिवळं चित्राचं, पांढरं आणि लाल आवाजाचं. ज्या रंगाची पिन त्या रंगाच्या भोकात, झालं काम. वायरही विकत आणायला नको. कल्याण-डोंबिवली आणि ठाण्यात ३१ मार्च २०१३ च्या मुदतीनं केबलला सेट टॉप बॉक्स बंधनकारक झाले, तेव्हा बॉक्सबरोबर तीन रंगांची वायर बऱ्याच घरी आली होती. स्क्रू, सेल आणि जुन्या किल्ल्यांच्या डब्यात शोधा, सापडेल.

काही टीव्हींना पिवळं भोक दिसत नाही, पण हिरवं असतं आणि त्याच्यावर ‘व्हिडिओ’ असंही लिहिलेलं असतं. तिथे पिवळी पिन हिरव्यात बसवायची. काहींना हेडफोनसारखं एकच बारीक भोक असतं, त्यासाठी छोटी जोडवायर मिळते. तिच्यात गंमत अशी, की प्रत्येक कंपनीचा पिनांचा क्रम सारखा नसतो. चित्र आलं नाही तर घाबरू नका, पिना आलटून-पालटून बघा.

यातलं काहीच नसेल आणि फक्त एचडीएमआय असेल, तरच कन्व्हर्टर आणा.

कन्व्हर्टर घेताना

तळहातावर मावेल एवढी ही डबी काही शे रुपयांत मिळते. स्टेशनजवळच्या इलेक्ट्रॉनिकच्या दुकानात विचारा, नाहीतर मुंबईला लॅमिंग्टन रोडला. पण डब्या दोन प्रकारच्या असतात आणि दिसायला जुळ्या बहिणी! एक ‘एव्ही टू एचडीएमआय’, दुसरी ‘एचडीएमआय टू एव्ही’. दुसरी नव्या यंत्राचं चित्र जुन्या टीव्हीवर दाखवते. आपल्याला हवी पहिली. ही वाट एकेरी असते, उलटी जोडून चालत नाही. तीन रंगीत भोकांच्या बाजूला ‘इनपुट’ लिहिलेलं असेल तीच घ्या. दुकानदार “चालेल हो ताई” म्हणाला, तरी आपण वाचून बघायचं.

डबीवर मोठ्या अक्षरांत १०८० लिहिलेलं असतं, त्याला भुलू नका. जेवढं कॅसेटवर आहे तेवढंच दिसणार. दुधात पाणी घातलं म्हणून साय वाढत नाही, तसंच हे.

जोडणीचा क्रम

१. सगळी बटणं बंद करा.

२. व्हीसीआरच्या ‘आउटपुट’मधून तीन रंगांची वायर डबीच्या ‘इनपुट’ला लावा.

३. डबीतून एचडीएमआय वायर टीव्हीला लावा.

४. डबीला पाच व्होल्टची वीज लागते. मोबाइलच्या चार्जरला तिची बारीक वायर लावा. हे विसरलं, की पडदा काळाच राहतो.

५. टीव्हीच्या रिमोटवर ‘सोर्स’ किंवा ‘इनपुट’ दाबून, जिथे वायर लावली तोच एचडीएमआय क्रमांक निवडा.

जुन्या व्हीसीआरला आवाजाचं एकच भोक असलं, तर पांढरी पिन लावा. आणखी जुन्या यंत्राला फक्त अँटेनाची वायर असते. ती टीव्हीच्या अँटेनाच्या भोकात लावायची, कॅसेट चालू करायची आणि टीव्हीला चॅनेल शोधायला लावायचं. टीव्हीत जुन्या पद्धतीचा ट्यूनर असेल, तर चित्र सापडतं.

अडलं तर

*नवरी-नवरा उगीचच जाड दिसतात :* जुनं चित्र चारास तीन या मापाचं, नवा पडदा सोळास नऊ. चित्र ताणलं जातं. टीव्हीच्या ‘पिक्चर साइझ’मध्ये ४:३ निवडा. दोन्ही कडांना काळे पट्टे येतील, पण माणसं माणसांसारखी दिसतील.

*चित्र काळं-पांढरं येतं किंवा वर-खाली पळतं :* कॅसेट अमेरिकेच्या नणंदेनं पाठवलेली आहे का, ते आठवा. तिकडची पद्धत एनटीएससी, ५२५ रेघांची. त्यासाठी दोन्ही पद्धती जाणणारा व्हीसीआर लागतो. आणि यंत्रच तिकडून आलेलं असेल, तर त्याच्या पाठीवर व्होल्ट किती लिहिलेत ते आधी वाचा. ११०-१२० चं यंत्र आपल्या २३० च्या प्लगला थेट लावलं, तर जळून जाईल.

*मधूनच पडदा निळा होतो :* कॅसेट झिजली, की तिचा सिग्नल डळमळतो आणि डबी गोंधळते. व्हीसीआरचं ट्रॅकिंगचं बटण हळूहळू फिरवून बघा.

घाई नडेल ती इथे

आता सगळ्यात महत्त्वाचं. जोडणी जमली, म्हणून लगेच लग्नाची कॅसेट आत ढकलू नका! वर्षानुवर्षं बंद असलेल्या व्हीसीआरमधले रबराचे पट्टे सैल पडलेले असतात, नाहीतर चिकट झालेले असतात. असं यंत्र फीत खातं आणि खाल्लेली फीत काही पूर्ववत होत नाही. आधी एखाद्या जुन्या सिनेमाची टाकाऊ कॅसेट अर्धा तास चालवून बघा.

मग आपली कॅसेट उजेडात धरा. खिडकीतून फितीच्या कडेला पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली, तर ती बुरशी. खाडीकाठची आपली हवा, चार महिन्यांचा पाऊस आणि माळ्यावरची ओल. बुरशी धरायला आणखी काय हवं? २६ जुलै २००५ च्या पुरात ज्या घरांत पाणी शिरलं, त्यांनी तर हे आवर्जून बघावं. बुरशीची कॅसेट चालवली, तर यंत्र घाण होतं आणि पुढची चांगली कॅसेटही बिघडते. ती वेगळी काढा आणि कॅसेटची कामं करणाऱ्या माहीतगाराकडे द्या. घरी ओल्या फडक्यानं पुसायला जाऊ नका, उन्हात तर मुळीच ठेवू नका.

कॅसेटच्या पाठीवर डावीकडे एक छोटा प्लॅस्टिकचा तुकडा असतो. तो मोडून टाका. मग चुकून रेकॉर्डचं बटण दाबलं गेलं, तरी मुंजीवर क्रिकेटची मॅच चढणार नाही.

एकदा बघून पुरे नाही

चुंबकाची फीत काळानं फिकी होतेच. म्हणून बघता बघता तिची नक्कल करून घ्यावी. कॉम्प्युटरला लावायची ‘कॅप्चर’ची छोटी डबी मिळते; तीन रंगांची वायर तिलाही चालते. तीन तासांच्या कॅसेटला पुरे तीन तास लागतात, घाईनं होत नाही. रविवारची दुपार त्यासाठी ठेवा. हे काम घरातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलांवर सोपवलं, तर ती आवडीनं करतात. बाहेर द्यायचं असेल, तर मूळ कॅसेट परत हवी हे आधीच सांगा. नक्कल दोन ठिकाणी ठेवा, एक आपल्याकडे आणि एक माहेरी. एकट्या पेन ड्राइव्हवर विसंबू नका.

पुष्कळ कॅसेटी असल्या, तर पहिली कुठली? जिच्यात आज हयात नसलेल्या माणसाचा आवाज आहे, ती. लग्नाचे फोटो अल्बममध्ये आहेत. पण मामंजींचं मंगलाष्टक म्हणणं, आईचं “अगं, जेवलीस का?” विचारणं कुठल्याच फोटोत नाही. ते असलंच, तर त्या फितीत आहे.

आणि बघायला बसाल तेव्हा सासूबाईंना, आत्यांना शेजारी बसवा, हाताशी वही ठेवा. पंगतीत वाढणारी ती हिरव्या लुगड्यातली बाई कोण, हे सांगणारं घरात आता बहुधा एकच माणूस उरलेलं असतं. त्या सांगतील ती नावं कॅसेटच्या क्रमांकासकट लिहून काढा. पुढे लेकी-सुना ही फीत बघतील, तेव्हा त्यांना विचारायला कुणी नसेल. वही मात्र असेल.