फोनची स्वयंचलित कामे आणि परवानगीचे भान

कार्यालयात पोहोचताच फोन मूक व्हावा, बॅटरी २० टक्क्यांवर येताच पडद्याचा प्रकाश मंद व्हावा, अशी कामे अँड्रॉइड फोनवर ‘टास्कर’, ‘मॅक्रोड्रॉइड’ यांसारख्या ॲपकडे सोपविता येतात. वेळ, स्थळ वा बॅटरीची पातळी हे निमित्त ठरवून द्यावे. नेमलेली कृती आपोआप घडते.

मात्र ‘ॲक्सेसिबिलिटी’ची किंवा सूचना वाचण्याची परवानगी मिळालेल्या ॲपला बँकेचा ओटीपीही दिसू शकतो. हा गैरवापर रोखण्यासाठीच २०२२ च्या अँड्रॉइड १३ पासून, प्ले स्टोअरऐवजी थेट फाइलवरून घेतलेल्या ॲपसाठी या परवानग्यांवर निर्बंध आले. फोन मूक करण्यासाठी संदेश वाचण्याची गरज नसते. म्हणून ग्राहकांनी कामापुरतीच परवानगी द्यावी व काम संपताच ती काढून घ्यावी.