नोकरी सोडण्याचे स्वातंत्र्य : शिरूर-दौंडच्या उद्योगपट्ट्याचा मागोवा

एखाद्या प्रदेशात उद्योग कसे रुजले याचा हिशेब मांडताना जमीन, पाणी, वीज, रस्ते आणि करसवलती यांची नोंद आवर्जून घेतली जाते; मात्र त्या उद्योगांत राबणाऱ्या माणसाला एक नोकरी सोडून शेजारच्या कारखान्यात जाण्याची अथवा स्वतःचे वर्कशॉप काढण्याची कितपत मोकळीक होती, हा प्रश्न त्या हिशेबाबाहेरच राहतो. पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील शिरूर आणि दौंड या तालुक्यांत गेल्या तीन दशकांत ऊस आणि गुऱ्हाळांच्या जोडीला रांजणगाव गणपती येथे मोटारी व घरगुती विद्युत उपकरणांचे, तर कुरकुंभ येथे रसायने व औषधांचे औद्योगिक क्षेत्र उभे राहिले. या पट्ट्यातील कामगाराच्या आणि तंत्रज्ञाच्या मोकळिकीचा इतिहास पाहायचा, तर १८७२ पर्यंत मागे जावे लागते, कारण ती मोकळीक देणारे कलम त्या वर्षीचे असून आजही ते लागू आहे.

भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम २७ नुसार, कोणालाही कायदेशीर धंदा, व्यापार वा व्यवसाय करण्यापासून रोखणारा करार तेवढ्यापुरता शून्यवत ठरतो, म्हणजे न्यायालय त्याची अंमलबजावणी करत नाही. चालता धंदा नावलौकिकासह विकणाऱ्याने खरेदीदाराशी त्याच परिसरात स्पर्धा करू नये, एवढा अपवाद त्यात आहे. नोकरी सोडल्यावर ठरावीक काळ प्रतिस्पर्ध्याकडे काम न करण्याची जी अट मालक नेमणूकपत्रात घालतो, तिला स्पर्धाबंदीची अट म्हणतात. अशी अट वाजवी असेल तर ती पाळावी लागते, असा इंग्लंडमधील न्यायालयांचा दृष्टिकोन होता. भारतीय कायद्याने मात्र वाजवी-अवाजवी असा भेद ठेवलाच नाही. अमेरिकी विधिज्ञ डेव्हिड डडली फील्ड यांनी न्यू यॉर्क राज्यासाठी तयार केलेल्या संहितेच्या मसुद्यातून हे कलम घेतलेले होते आणि १८७४ मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने माधब चंदर विरुद्ध राजकुमार दास या खटल्यात, बंदी अंशतः असली तरीही ती शून्यवतच, असा कडक अर्थ लावला. वाजवी बंधनांना मान्यता द्यावी अशी शिफारस विधी आयोगाने १९५८ च्या तेराव्या अहवालात केली होती, परंतु कलमात बदल झाला नाही.

त्याच काळात कष्टकऱ्यासाठी मात्र वेगळाच कायदा होता. १८५९ च्या तेराव्या अधिनियमानुसार, आगाऊ रक्कम घेऊन काम अर्धवट सोडणाऱ्या कारागिराला वा मजुराला दंडाधिकारी रक्कम परत करण्याचा किंवा काम पुरे करण्याचा आदेश देऊ शकत असे आणि तो न पाळल्यास तीन महिन्यांपर्यंत कैद होऊ शकत असे. हा कायदा १९२५ मध्ये रद्द झाला. पण १८७२ पासून १९२५ पर्यंतच्या अर्धशतकात व्यापाऱ्याला धंद्याचे स्वातंत्र्य आणि उचल घेतलेल्या मजुराला तुरुंगाची भीती अशी दुहेरी व्यवस्था एकाच राज्यात नांदली. शिरूर-दौंडच्या पुढच्या वाटचालीचा अर्थ लावताना हा दुहेरीपणा विसरून चालत नाही.

फील्ड यांचा तो मसुदा न्यू यॉर्कने स्वीकारला नाही, मात्र कॅलिफोर्नियाने त्याच १८७२ साली आपल्या नागरी संहितेत तेच तत्त्व आणले. १९५७ मध्ये तेथील शॉकली यांच्या सेमीकंडक्टर प्रयोगशाळेतून आठ तंत्रज्ञ बाहेर पडले व त्यांनी फेअरचाइल्ड सेमीकंडक्टर काढली आणि १९६८ मध्ये त्यांच्यापैकी रॉबर्ट नॉइस व गॉर्डन मूर यांनी इंटेलची स्थापना केली; अशा फुटव्यांतून सिलिकॉन व्हॅली वाढली. अभ्यासक ॲनाली सॅक्सेनियन यांनी १९९४ मध्ये या खोऱ्याची तुलना बोस्टनजवळच्या रूट १२८ या तंत्रोद्योगाच्या पट्ट्याशी करून, माणसांच्या ये-जा करण्याने ज्ञान पसरते हे दाखवले, तर रोनाल्ड गिल्सन यांनी १९९९ मध्ये या दोन पट्ट्यांतील फरकाचे मूळ स्पर्धाबंदीविषयीच्या कायद्यात शोधले. मिशिगनमध्ये १९८५ च्या एका कायद्यामुळे स्पर्धाबंदीवरील मनाई अनवधानाने उठली आणि तेथील संशोधकांचे नोकरी बदलण्याचे प्रमाण घटले, असे पुढील अभ्यासात आढळले. तथापि, कॅलिफोर्नियाचाच कायदा लागू असलेल्या इतर अनेक भागांत सिलिकॉन व्हॅली घडली नाही आणि जवळपास तेच कलम लाभलेल्या भारतातही ती आपोआप घडली नाही. कायदा दार उघडे ठेवतो. दारापलीकडे जाण्याजोगे काही असावे लागते.

पुणे परिसरात ते हळूहळू घडले. १९६२ मध्ये महाराष्ट्र औद्योगिक विकास महामंडळ, म्हणजेच एमआयडीसी, स्थापन झाले. पिंपरी, चिंचवड आणि भोसरीत टेल्को, बजाज ऑटो यांसारख्या मोठ्या कारखान्यांभोवती सुट्या भागांचे पुरवठादार वाढले आणि मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये हात बसलेल्या अनेकांनी पुढे लहानसा गाळा घेऊन लेथ टाकले. जुना मालक हाच अनेकदा नव्या उद्योजकाचे पहिले गिऱ्हाईक असल्याने येथे नोकरी सोडणे म्हणजे फारकत नव्हती.

याच दशकात महाराष्ट्रातील एका खटल्याने मोकळिकीची सीमा आखली. कल्याणजवळच्या सेंच्युरी कंपनीने टायरच्या दोऱ्याचे तंत्र परदेशी कंपन्यांकडून गोपनीयतेच्या अटीवर घेतले होते आणि तेथील शिफ्ट सुपरवायझर निरंजन शंकर गोलिकारी हे पाच वर्षांच्या करारावर १९६३ मध्ये रुजू झाले होते. मुदत संपण्यापूर्वीच, १९६४ मध्ये, त्यांनी कंपनी सोडून कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये नोकरी धरली. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये असे ठरवले की, कराराच्या मुदतीत दुसरीकडे काम न करण्याचे बंधन कलम २७ च्या आड येत नाही. चालू करारातील बंधन वेगळे आणि करार संपल्यानंतरचे बंधन वेगळे, हा भेद तेव्हापासून भारतीय कायद्यात रुळला. १९८० च्या सुपरिंटेंडन्स कंपनी विरुद्ध कृष्ण मुरगई या खटल्यात न्यायमूर्ती ए. पी. सेन यांनी स्वतंत्र निकालपत्रात सेवासमाप्तीनंतरची बंदी शून्यवत असल्याचे विस्ताराने मांडले. आणि शिरूर-दौंडला लागूनच असलेल्या तेव्हाच्या अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील श्रीरामपूरचे क्रिकेटपटू झहीर खान यांच्याविरुद्ध पर्सेप्ट डीमार्क या कंपनीने लावलेल्या दाव्यात, करार संपल्यावरही जुन्या व्यवस्थापकाला प्रथम हक्क देणारी अट टिकत नाही, असा निर्णय २००६ मध्ये झाला.

शिरूर आणि दौंडमध्ये उद्योग आले तेव्हा हा कायदा असा बऱ्याच अंशी स्थिरावलेला होता. १९९० च्या दशकापासून पुणे-अहिल्यानगर रस्त्यावर सणसवाडी, शिक्रापूर, रांजणगाव असा पट्टा भरत गेला. फियाट, व्हर्लपूल, एलजी, हायर, कॅरारो यांचे कारखाने रांजणगावात उभे राहिले. २०२२ मध्ये केंद्र सरकारने रांजणगावच्या तिसऱ्या टप्प्यात सुमारे २९७ एकरांवर इलेक्ट्रॉनिक उत्पादनांच्या समूहक्षेत्राला मंजुरी दिली. शेजारी-शेजारी इतके कारखाने असल्याने ऑपरेटर, फिटर आणि सुपरवायझर यांना कंपनी बदलण्याची संधी येथे खरोखर मिळाली, आणि २०१४ मध्ये भविष्यनिर्वाह निधीसाठी युनिव्हर्सल अकाउंट नंबर आल्यावर जुन्या कंपनीतील पीएफ नव्या कंपनीत नेणेही सोपे झाले. तरीही भोसरीसारखे फुटवे येथे त्या जोमाने फुटले नाहीत, कारण येथील बहुतेक मोठ्या कंपन्यांची मुख्य रचना, म्हणजे डिझाइन, दुसऱ्या देशांत ठरते आणि येथे जुळणी होते. कामगार मोकळेपणाने फिरला तरी त्याच्याबरोबर फिरणारे ज्ञान जुळणीच्या टप्प्यापुरतेच राहते.

दौंड तालुक्यातील कुरकुंभची गोष्ट निराळी आहे. पुणे-सोलापूर महामार्गालगतच्या या रासायनिक क्षेत्रात सिप्ला, एमक्युअर, अल्काइल अमाइन्स यांसारख्या कंपन्यांचे प्रकल्प आले, आणि २००३ मध्ये स्थापन झालेली, स्वतःच्या उत्प्रेरकांवर आधारित प्रक्रियांसाठी ओळखली जाणारी क्लीन सायन्स अँड टेक्नॉलॉजी ही कंपनी येथेच वाढून जुलै २०२१ मध्ये शेअर बाजारात नोंदली गेली. उत्प्रेरक म्हणजे अभिक्रियेचा वेग वाढवणारा, पण स्वतः खर्ची न पडणारा पदार्थ; तो कोणता, किती तापमानाला, कोणत्या दाबाला आणि कोणत्या क्रमाने वापरायचा, यातच अशा धंद्याचे मर्म असते. प्लांटमधला अनुभवी केमिस्ट हे सारे डोक्यात घेऊन बाहेर पडू शकतो, म्हणून कंपनीची भीती येथे निराधार म्हणता येत नाही. पण भारतात व्यापारी गुपितांसाठी स्वतंत्र कायदा नसल्याने गुपिताचे रक्षण आणि माणसाला अडवणे यांतली सीमारेषा करारपत्रांत पुसट होत गेली. विधी आयोगाने मार्च २०२४ च्या २८९ व्या अहवालात अशा स्वतंत्र कायद्याची शिफारस केली असून, कुरकुंभसारख्या क्षेत्रासाठी ती फार महत्त्वाची आहे. विशिष्ट गुपित चोरले हे कंपनीला सिद्ध करता येऊ लागले, तर प्रत्येक केमिस्टकडे संशयाने पाहण्याचे कारण उरणार नाही.

न्यायालयात न टिकणारी अट प्रत्यक्षात इतर मार्गांनी टिकवली जाते, हा या मागोव्यातून निघणारा सर्वांत गंभीर निष्कर्ष आहे. खुद्द सिलिकॉन व्हॅलीत ॲपल, गुगल, इंटेल आणि ॲडोबी यांनी एकमेकांची माणसे न घेण्याचे छुपे संकेत पाळल्याचा दावा ४१.५ कोटी डॉलर देऊन २०१५ मध्ये मिटवला. आपल्याकडे तीन महिन्यांचा नोटीस पिरियड, अडवून ठेवलेले रिलीव्हिंग लेटर, रखडवलेला फुल अँड फायनल हिशेब आणि प्रशिक्षणाच्या नावाने लिहून घेतलेला बाँड ही ती साधने होत. पुण्यातील नाइट्स या आयटी कर्मचारी संघटनेने २०२२ मध्ये इन्फोसिसच्या नेमणूकपत्रातील स्पर्धाबंदीविरुद्ध केंद्रीय कामगार मंत्रालयाकडे तक्रार केली, तेव्हा हा प्रश्न चर्चेत आला. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विजया बँकेच्या प्रकरणात, तीन वर्षांआधी नोकरी सोडल्यास दोन लाख रुपये भरण्याची अट वैध ठरवली. सार्वजनिक बँकेला पुन्हा भरतीप्रक्रिया करावी लागते, हे त्यामागचे एक कारण होते. मात्र अधिकाऱ्याला परवडणारी रक्कम शिकाऊ कामगारासाठी बेडी ठरते, म्हणून हा निकाल सरसकट सर्वांना लावणे न्यायाचे होणार नाही.

सर्वांत खालच्या थरात तर कलम २७ पोहोचतच नाही. रांजणगाव-सणसवाडीच्या शॉपफ्लोअरवर ठेकेदाराचा कंत्राटी कामगार आणि ठरावीक मुदतीचा ट्रेनी कंपनी सोडून जायला मोकळा असतो, पण ही मोकळीक त्याने मागितलेली नसून त्याच्यावर लादलेली असते. कौशल्य मुरण्याआधीच त्याला दुसऱ्या गेटवर उभे राहावे लागते आणि १९७२ च्या ग्रॅच्युइटी कायद्यातली पाच वर्षांची अट त्याला पुरी करता येत नसे. नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झालेल्या कामगार संहितांनी मुदतबंद कामगाराला एका वर्षानंतर ग्रॅच्युइटीचा हक्क दिला, हे त्या दृष्टीने योग्य पाऊल आहे. दुसऱ्या टोकाला न्हावऱ्याचा घोडगंगा आणि पाटसचा भीमा यांसारख्या सहकारी साखर कारखान्यांच्या शिवारात ऊसतोड टोळ्या उचलीच्या बंधनात हंगाम काढत आल्या. १८५९ चा कायदा गेला, १९७६ मध्ये वेठबिगारी बंद करणारा कायदा आला, तरी मुकादमाची उचल फिटेपर्यंत कोयत्याला, म्हणजे ऊसतोड करणाऱ्या जोडप्याला, दुसरा फड धरता येत नाही, ही रीत टिकून आहे. एकाला स्थैर्याविना मोकळीक आणि दुसऱ्याला मोकळिकीविना काम, अशी ही विषमता आहे.

तेव्हा या पट्ट्यासाठी मागणी साधी आणि स्पष्ट असावी. नोकरी सोडणाऱ्या प्रत्येकाला, मग तो पर्मनंट असो वा कंत्राटी, ठरावीक दिवसांत अनुभवाचा दाखला आणि संपूर्ण हिशेब मिळावा. बाँडची रक्कम प्रशिक्षणावर झालेल्या प्रत्यक्ष खर्चाच्या पुराव्याइतकीच असावी. व्यापारी गुपितांचा नवा कायदा करताना त्यात स्पर्धाबंदी मागील दाराने येऊ नये. आणि ऊसतोडीच्या उचलीची लेखी नोंद होऊन तिच्यापायी कोणालाही अडवून धरता येऊ नये. भारताला १८७२ मध्येच उत्तम कलम मिळाले. ते शिरूर-दौंडच्या गेटपर्यंत आणि फडापर्यंत नेण्याचे काम अजून बाकी आहे, आणि ते शासन, कारखानदार आणि कामगार संघटना यांनी मिळूनच पुरे केले पाहिजे.