न हसता हसवणारी

पांढरकवड्याच्या बाजारात घटकाभर उभं राहावं. वऱ्हाडी, गोरमाटी, कोलामी, गोंडी, तेलुगू अशा भाषा एकाच भाजीच्या ढिगाभोवती कानावर येतात. एकाचा शब्द दुसऱ्याला भलताच ऐकू येतो आणि हशा पिकतो. भाषेच्या गोंधळातून निघणारा विनोद यवतमाळ जिल्ह्यातल्या माणसाला वेगळा समजावून सांगावा लागत नाही. म्हणून ‘जबान संभालके’ ही मालिका मला कधी परकी वाटली नाही. तिचं मूळ मात्र लंडनचं.

‘माइंड युअर लँग्वेज’ ही ब्रिटिश मालिका 1977 साली सुरू झाली. देशोदेशींची माणसं लंडनच्या एका वर्गात इंग्रजी शिकायला बसलेली, आणि त्या शाळेवर करडी नजर ठेवणाऱ्या मिस कोर्टनी. ही भूमिका झारा नटली या ब्रिटिश अभिनेत्रीने केली. 1993 मध्ये मालिका हिंदीत आली तेव्हा वर्ग उलटा झाला. आता मास्तर पंकज कपूर, शिकायची भाषा हिंदी, आणि टॉम ऑल्टरचा इंग्रज लेखक बाकावर विद्यार्थी! मिस कोर्टनींच्या जागी आल्या मिस दीक्षित, म्हणजे आपल्या शुभा खोटे. दोघींचा साचा एकच, पण शुभाताईंची मुख्याध्यापिका थेट आपल्या शाळेतली वाटते. त्या दारात उभ्या राहिल्या की बघणारासुद्धा नीट सावरून बसतो.

हा दरारा एका दिवसात आलेला नाही. शुभाताईंचा जन्म 1937 चा, मुंबईचा. वडील नंदू खोटे रंगभूमीवरचे आणि मूकपटांतले नट, आणि दुर्गा खोटे त्यांच्या काकू. नाटक असं घरातच होतं, तरी सिनेमाचं दार उघडलं ते सायकलने. मुलीने सायकलवर टांग टाकली की गावभर चर्चा व्हायची, त्या काळात ही मुलगी सायकलच्या शर्यती जिंकत होती. अमिय चक्रवर्तींच्या ‘सीमा’मध्ये (1955) नूतनबरोबर ती पुतली झाली. दोनच वर्षांनी ‘पेइंग गेस्ट’मध्ये नायिकेच्या संसारावर डोळा ठेवणारी चंचल साकारली. म्हणजे तिला विनोदी नटी म्हणून कोणी घडवलेलं नव्हतं. ती मुळात अभिनेत्री होती, आणि पुढचं सगळं त्या जोरावर उभं राहिलं.

मग आलं विनोदी नट मेहमूदबरोबरचं पर्व. ‘ससुराल’, ‘भरोसा’, ‘हमराही’, ‘जिद्दी’, ‘लव्ह इन टोकियो’. यातल्या बऱ्याच चित्रपटांत ठरलेलं त्रिकूट दिसतं: मुलीवर लट्टू झालेला मेहमूद, पोरीवर पहारा देणारा बाप धुमाळ, आणि दोघांच्या मध्ये शुभा. मेहमूद पडद्यावर आला की वावटळ सुटायची. ‘लव्ह इन टोकियो’त तर तो जपानी गेशाचं सोंग घेऊन येतो. अशा वेळी समोरची नटी हसली, किंवा त्याच्यापेक्षा वरचढ व्हायला गेली, की प्रसंग कोसळलाच. शुभा तसं करत नाही. ती त्याचं सोंग खरं मानते, बापाला खरोखर घाबरते, प्रियकरावर खरोखर वैतागते. तिच्या त्या खऱ्या वैतागावर मेहमूदचं हसू उभं असतं. लोकांना मेहमूद आठवतो, आणि आठवावाच. पण तो ज्या भिंतीवर चेंडू मारत होता ती भिंत किती पक्की होती, हे आपण पुरेसं बोललो नाही, याची मला खंत आहे.

अभिनयापलीकडे जाऊन 1968 मध्ये शुभाताईंनी ‘चिमुकला पाहुणा’ या मराठी चित्रपटाची निर्मिती आणि दिग्दर्शन केलं. कॅमेऱ्यामागे बाई दिसणं तेव्हा फार दुर्मीळ होतं.

आणि 1981 साली ‘एक दूजे के लिए’. त्यात शुभाताईंनी साकारलेली, नायिका सपनाची आई मुलीच्या प्रियकराचा फोटो जाळून टाकते, आणि मुलगी ती राख चहात घालून पिऊन टाकते. ते बघताना आई कमालीची कठोर वाटते. या भूमिकेसाठी शुभाताईंना सहायक अभिनेत्रीचं फिल्मफेअर नामांकन मिळालं. पुन्हा बघाल तर लक्षात येईल की चेहरा तोच आहे, मेहमूदसमोर न हसणारा. फक्त या वेळी समोर विनोद नाही.

त्या चेहऱ्याची खरी परीक्षा मात्र ‘जबान संभालके’च्या वर्गातच होती. तिथे बाकावर विठ्ठल बापूराव पोटे नावाचा मराठी विद्यार्थी बसायचा. तो साकारणारे विजू खोटे म्हणजे ‘शोले’तला कालिया, शुभाताईंचे सख्खे धाकटे भाऊ. त्याच वर्गात भावना बलसावरही होत्या, त्यांची लेक. दार उघडायचं, मिस दीक्षित आत यायच्या, समोर भाऊ आणि मुलगी बसलेली, आणि ओठाची कडसुद्धा हलायची नाही.